खडचीचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, माझे वडील नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, दरवाजा कधी उघडायचा, कधी पाडायचा, हे त्यांचं काम. बारामतीच्या आमच्या घरात दोन घड्याळं होती. एक भिंतीवरचं आणि दुसरं पाण्याच्या पाळीचं. घर चालायचं ते दुसऱ्या घड्याळावर.

पाळी संपून कालवा बंद झाला की आम्हा पोरांची चंगळ असे. वाहतं पाणी ओसरायचं, पण मोरीच्या खाली, वळणावर, खोलगट जागी डबकी साचून राहायची आणि पाण्याबरोबर आलेले मासे त्यात अडकायचे. दोघांनी जुन्या लुगड्याचं फडकं धरायचं, तिसऱ्यानं पाणी ढवळायचं. खवल्या, मुऱ्या, कधी एखादी वांब. घरी नेलं की अम्मी आधी ओरडायची, मग चूल पेटवायची.

अशाच एका उन्हाळ्यात, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, आमच्या फडक्यात एक वेगळाच मासा आला. हातभर लांब. अंगावर रुपयाएवढी खवलं, पर निळसर, ओठ जाड आणि तोंडाशी मिशा. एवढ्याशा पाण्यात त्यानं असा दणका दिला की फडकं फाटलं. कसाबसा धरून आम्ही तो भोई आळीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पोरा, ही खडची. ही हितली न्हवं. वरच्या अंगाची, डोंगरातली. पाण्यासंगं खाली आली."

अब्बा शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, "मग बाबा, परत सोडायची का?"

बाबा हसले. "सोडून जायाची कुठं? वर चढाया दारं हाईत तुमची."

दरवाजे अब्बांच्याच हातात होते. ते काही बोलले नाहीत. रात्री अम्मीनं चिंच घालून कालवण केलं आणि आम्ही खडची खाल्ली. चवदार होती, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्या बाबांचं ते वाक्य माझ्या डोक्यात काट्यासारखं अडकून बसलं. आज त्या काट्याचीच गोष्ट सांगायची आहे.

खडची हा महसीर कुळातला मासा. ज्या पाण्यात माणूस पाय रोवून उभा राहू शकत नाही, त्या पाण्यात तो राहतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या नद्या पावसाळ्यात दगडगोट्यांवरून आदळत येतात. भीमाशंकरहून भीमा, लोणावळ्याकडून इंद्रायणी, भोरच्या डोंगरातून नीरा. हे पाणी थंड असतं, खळाळतं असतं आणि त्यात प्राणवायू भरपूर असतो. पावसाळ्यात नद्या फुगल्या की खडची प्रवाहाच्या उलट वर चढते आणि स्वच्छ वाळू-गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालते. उन्हाळ्यात खोल डोहात उतरते. म्हणजे तिला एकच जागा पुरत नाही. खालचा डोह, वरचा खळाळ आणि मधली मोकळी वाट, या तिन्हींची मिळून तिची नदी होते.

इंग्रज या देशात आले तेव्हा अशाच पाण्यातल्या एका माशाची आठवण घेऊन आले होते. त्यांचा तो ट्राउट. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या ओढ्याकाठी गळ टाकून दिवस दिवस उभं राहायचं, हा तिकडच्या साहेबाचा शौक. इथं आल्यावर त्यांना ट्राउट कुठंच दिसला नाही. कसा दिसेल? त्याला वीस अंशांच्या आतबाहेरचं गार पाणी लागतं. आपल्या देशावरच्या नद्या एप्रिल-मेमध्ये किती तापतात, ते काठावर कपडे धुणाऱ्या बाईला विचारा. मग साहेबांनी ट्राउटच इकडे आणायचं ठरवलं. 'भारतातील मासे' हा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात निलगिरीत तो रुजवायचा प्रयत्न केला, पण त्यांना यश आलं नाही. पुढं १९०० साली काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउट पोचला आणि टिकला. निलगिरीतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंद्रधनुषी ट्राउट रुजला. आज पहलगामला जाऊन आलेला मराठी पर्यटक ट्राउट खाल्ल्याचं कौतुकानं सांगतो. तो मासा तिथला नाही, त्याला येऊन सव्वाशे वर्षं झाली आहेत.

पण ज्या साहेबांना ट्राउट मिळाला नाही, त्यांना महसीर सापडला. गळाला लागला की दोरी तोडून नेणारा, ट्राउटहून कितीतरी मोठा मासा. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली भारतातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि महसीरचं नाव विलायतेत गाजलं. १९४६ साली म्हैसूरकडे व्हॅन इंगेन नावाच्या शिकाऱ्यानं सुमारे १२० पौंडांचा महसीर धरला. आपल्या भाषेत साडेचोपन्न किलो. म्हणजे एखादं शाळकरी पोरच.

पण आपल्या खडचीला पहिल्यांदा कागदावर आणलं ते शिकाऱ्यानं नव्हे. आणलं एका शिरगणतीवाल्यानं.

त्याचं नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, मृत्यू १८७२. कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि नवा मुलूख कंपनीच्या हाती आला. त्यात माणसं किती, विहिरी किती, कोणतं पीक, सारा किती, हे सगळं कंपनीला मोजून हवं होतं. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना १८२४ साली हे काम साइक्सकडे आलं आणि १८३१ पर्यंत तो दख्खनभर तंबू टाकत फिरला. माणसं आणि बैल मोजता मोजता त्यानं पाखरं मोजली, फळं मोजली आणि मासेही मोजले. पाखरांच्या अभ्यासकांना त्याचं नाव आजही ठाऊक आहे, कारण आपल्या माळावरचा एक चंडोल त्याच्याच नावानं ओळखला जातो. पुढं हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला आणि पार्लमेंटातही बसला.

दख्खनच्या माशांविषयीचा त्याचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं १८३९ साली छापला. दोन वर्षांनी तोच मजकूर चित्रांसह विस्तारानं आला. त्यात चाळीसहून अधिक जातींचं वर्णन आहे आणि बहुतेक जाती शास्त्राला तोवर माहीत नव्हत्या. हे मासे त्यानं धरले, किंवा खरं म्हणजे त्याला धरून दिले गेले, ते आपल्याच नद्यांत. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत, शिरूरला घोड नदीत आणि भीमेत पेडगावला. पेडगाव म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं गाव. तिथून भीमा पुढं वाहत आमच्या इंदापूर तालुक्याकडं येते.

आता या लेखातली गंमत सांगतो. माशांना शास्त्रीय नावं देताना साइक्सनं पुष्कळदा मराठी शब्द उचलले आणि त्यांना लॅटिनचा सदरा चढवला. शिंगाळा झाला 'सींघाला'. अळकूट झाला 'अल्कूटी'. कोळशी झाली 'कोलस'. टाकरी, गुंगवारी, शिंगटी ही सगळी काठावरची नावं त्याच्या यादीत आहेत. आणि आपली खडची? ती झाली 'खुद्री'. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात या माशाला 'टॉर खुद्री' म्हणतात. मुळा-मुठेच्या काठी कुणीतरी मासा वर धरून साहेबाला एक शब्द सांगितला. तो साहेबाच्या कानात जसा पडला, तसाच छापला गेला आणि जगभर गेला.

मी कवितेचा माणूस. शब्द कुठून आला आणि कुठं गेला, याचा मला नाद आहे. पेडगाव ज्या श्रीगोंदे तालुक्यात आहे, त्याच श्रीगोंद्याला 'योगसंग्राम' लिहिणारे संतकवी शेख महंमद यांची समाधी आहे. आमच्यासारख्या घरात दख्खनी आणि दारात मराठी बोलणाऱ्या कवींचे ते आद्य पुरुष. त्यांची मराठी चार शतकांनंतरही टिकली, कारण ती लोकांच्या तोंडी राहिली. माशांच्या नावांचंही तसंच आहे. पुस्तकातलं नाव मासा मेला तरी राहतं. तोंडातलं नाव माशाबरोबर जातं.

साइक्सच्या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. काही मोठ्या माशांना त्यानं माणसांची नावं दिली. एका भल्याथोरल्या मांगूर-कुळातल्या माशाला लंडनच्या यारेल यांचं नाव मिळालं, दुसऱ्या एका माशाला ब्रिटिश म्युझियममधल्या चिल्ड्रन साहेबांचं आणि आपल्या अहिराला खुद्द गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं. ज्यांनी जाळं टाकलं, मासा ओळखला, त्याची सवय सांगितली आणि नाव सांगितलं, त्या भोई-कोळ्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या माशाला नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्या काळाची रीतच ती होती. पण हिशेब सांगायचा तर पुरा सांगावा.

आता आमच्या भागाकडं येऊ. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानं पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग उद्ध्वस्त केला. माणसांना काम आणि जमिनीला पाणी मिळावं, म्हणून नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं. पुढच्या दशकात कालव्याला पाणी सुटलं. भाटघरला येळवंडी अडवली गेली, १९२८ साली तिथं नवं मोठं धरण उभं राहिलं. बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस आला, साखर कारखाने आले. माझ्या घरातला भाकरीचा तुकडा या पाण्यातून आला, माझी बी.ए.ची फी या पाण्यातून भरली गेली. त्यामुळं धरणाला शिव्या देण्याचा अधिकार मला नाही आणि ते मला करायचंही नाही.

दुसरं पाणी आलं ते भीमेचं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसीचा साठा, त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी पसरलं ते इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतच्या गावांवर. माझं आजोळ पळसदेवकडचं. जुनी भीमा मी लहानपणी पाहिली आहे. उन्हाळ्यात पात्र रुंद, वाळू चांदीसारखी, आणि त्या वाळूत टरबुजांच्या वाड्या. नानी वाळूत हातभर खड्डा करायची आणि झरा लागला की ओंजळीनं पाणी प्यायला द्यायची. ती वाळू, ते घर, नानाजींची कबर, सगळं पाण्याखाली गेलं. दुष्काळी वर्षी पाणी फार खाली गेलं की जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडतं. लोक पाहायला जातात, फोटो काढतात. आमच्या घरातलं मात्र कुणी जात नाही.

माणसांचं पुनर्वसन झालं, चांगलं-वाईट कसंही. माशांचं काय झालं? वाहती नदी अचानक समुद्रासारखी थांबली. खळाळात राहणाऱ्यांना थांबलेलं पाणी मानवत नाही. वर चढायची वाट धरणांनी बंद केली, अंडी घालायचे गोटे गाळाखाली गेले, जिथं वाळू उरली ती ट्रकमध्ये भरून गेली. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येऊ लागलं. जलपर्णी फोफावली.

अहिराची गोष्ट तर कुणी ध्यानातच घेतली नाही. हा सापासारखा मासा जन्मतो समुद्रात. बारीक पिल्लं बंगालच्या उपसागरातून कृष्णेत शिरतात, कृष्णेतून भीमेत येतात, इथं वाढतात आणि वयात आल्यावर पुन्हा समुद्राकडं निघतात. कुठं बंगालचा उपसागर आणि कुठं पेडगाव! त्या वाटेवर आज किती भिंती आहेत, ते नकाशा उघडून पाहावं.

मग उजनीच्या एवढ्या पाण्यात मासा नाही का? आहे, भरपूर आहे. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाणारा माणूस भिगवणला थांबून मासळी खातो. हजारो घरांची चूल त्यावर चालते. पण ताटात काय असतं? कटला, रोहू, मृगळ. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, त्यांचं बी आणून जलाशयात सोडलं जातं. आणि सगळ्यात जास्त असते चिलापी. मूळची आफ्रिकेतली, शास्त्रातलं नाव तिलापिया. १९५२ साली ती भारतात आणली. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, असा चांगला हेतू होता. ती कुठल्याही पाण्यात तगते, पिल्लं तोंडात सांभाळते, भराभर वाढते आणि दुसऱ्यांची जागा घेते. चिलापीनं अनेक घरं जगवली हे खरं. तिनं भीमेची नावं पुसली हेही खरं.

पण मग खडची संपली का? नाही. इथं गोष्टीला वळण आहे.

लोणावळ्याला टाटांनी विजेसाठी तलाव बांधले. १९१५ च्या सुमारास त्या पाण्यावर खोपोलीत वीज तयार होऊ लागली. यातला वळवणचा तलाव इंद्रायणीच्या उगमाकडच्या भागात आहे. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे पाणी आमच्याच खोऱ्यातलं. डोंगरातली खडची त्या तलावांच्या पाण्यात तग धरून राहिली. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथं खडचीची कृत्रिम पैदास करून दाखवली. ते महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक. त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले होते, त्यांनी हे काम पुढं अनेक वर्षं चालवलं. पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी धरायची, पोटावरून हलक्या हातानं दाब देऊन सोनेरी-पिवळी अंडी काढायची, नराचं वीर्य त्यावर मिसळायचं आणि ती अंडी वाहत्या स्वच्छ पाण्याच्या तबकात ठेवायची. काही दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या नदीत वाहतं पाणी राहिलं नाही, त्या नदीचं काम माणसानं तबकात केलं होतं.

या केंद्रातून खडचीची लाखो पिल्लं तयार झाली आणि देशातल्या अनेक राज्यांत गेली. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत खडची 'संकटग्रस्त' होती, ती आता 'कमी चिंतेच्या' वर्गात आली आहे. २०२० साली ही बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा ती कापून मी वहीत चिकटवली. त्या रात्रीचं कालवण थोडं फेडल्यासारखं वाटलं.

पण मंडळी, गोष्ट इथं थांबली असती तर फार बरं झालं असतं.

लोणावळ्याची पिल्लं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कावेरीतही सोडली गेली. हेतू उत्तम होता. तिथले महसीर कमी होत होते, त्यांची भर काढायची होती. पण कावेरीचा महसीर आपली खडची नव्हे. तो पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी झळाळीचा, फक्त त्याच खोऱ्यात सापडणारा वेगळा मासा. व्हॅन इंगेनसारख्यांनी ज्यांच्यासाठी कावेरीचं खोरं पालथं घातलं, ते हे अवाढव्य मासे. खडची तिथं रुजली, वाढली आणि कुबड्या महसीर दिसेनासा होत गेला. गळानं मासा धरून, मापून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी लोकांच्या तळांवर १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदवह्या होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या, तेव्हा एकाची चढण आणि दुसऱ्याची उतरण स्पष्ट दिसली.

त्याहून वाईट म्हणजे या माशाला तेव्हा स्वतःचं पक्कं नावही नव्हतं. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा या मोठ्या अभ्यासकानं त्याला 'मुसुल्ला' म्हटलं होतं. हा शब्दही साइक्सचाच. शिरूरला घोड नदीत त्याला मिळालेल्या एका माशाचं ते नाव. पुढं २०१३ साली अभ्यासकांनी दाखवून दिलं की घोड नदीचा मुसुल्ला महसीरच नव्हे, तो वेगळ्याच कुळातला आहे. म्हणजे शिरूरच्या काठावरचा एक मराठी शब्द सत्तर वर्षं कावेरीच्या भलत्याच माशाला चिकटून होता. २०१८ साली नक्की झालं की कुबड्या महसीर म्हणजे 'टॉर रेमादेवी', २००७ साली केरळात कावेरीच्या उपनदीतून वर्णन केलेली जात. नाव मिळालं आणि लगेच तो 'अतिसंकटग्रस्त' या यादीत गेला. बारशाला आणि आजारपणाला एकच मुहूर्त.

आता पाहा कसा हिशेब झाला. गंगेचे मासे भीमेत आले आणि भीमेचा मासा मागं हटला. भीमेचा मासा कावेरीत गेला आणि कावेरीचा मासा मागं हटला. प्रत्येक वेळी करणारा चांगल्याच बुद्धीनं करत होता. कुणाला गरिबाचं ताट भरायचं होतं, कुणाला नदी भरायची होती. नुसतं पाणी एकसारखं दिसलं म्हणून सगळ्या नद्या एकच आहेत, असं सगळ्यांनी धरलं. सूनबाईला दुसऱ्या घरात रुजायला वेळ द्यावा लागतो, हे आपल्याला कळतं. नदीचंही स्वतःचं घर असतं, हे कळायला दोन पिढ्या लागल्या.

मग करायचं काय? मी शास्त्रज्ञ नाही, पण आपल्या लोकांनी एक गोष्ट पूर्वीच करून ठेवली आहे. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत. तिथं कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मोठाले महसीर वर येतात. वाड्याकडं तिळशाला वैतरणेच्या डोहात तेच. देहूलाही इंद्रायणीतल्या माशांना लोक देवाचे म्हणतात. यात कुठं पिल्लं विकत आणलेली नाहीत, भिंत बांधलेली नाही. फक्त एक डोह सोडून दिला आहे. आमच्याकडं दर्ग्याच्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, त्यातलाच हा प्रकार. भक्ती कुणाचीही असो, वाचतो तो डोह. पण वरून सांडपाणी आलं तर देवाचा मासाही मरतो, हे इंद्रायणीकाठच्या लोकांनी पाहिलं आहे. म्हणून डोह राखणं ही सुरुवात, वरचं पाणी राखणं हे खरं काम.

गेल्या वर्षी मी भिगवणच्या मासळी बाजारात गेलो. सकाळची वेळ, चिलापीचे ढीग, कटल्याचे लिलाव चाललेले. एका वयस्कर बाईंना विचारलं, "मावशी, खडची येते का कधी?"

त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "लई वर्सांनी नाव ऐकलं. आमचं सासरं म्हणायचं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी त्यांना कालव्यातल्या खडचीची गोष्ट सांगितली. त्या मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी बसल्या बसल्या बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली. अहिर, वांब, शिंगाळा, कोळशी, मरळ, अळकूट... कुठला मासा कुठल्या नक्षत्रात वर चढायचा, कुठल्याची आमटी बाळंतिणीला द्यायची, कुठला बाजारात न विकता घरीच ठेवायचा. मी खिशातला कागद काढून लिहीत गेलो. साइक्स पेडगावला असाच बसला असेल काय, असं मनात आलं.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. इंदापूर-बारामतीकडच्या नदीकाठच्या गावांत सत्तरीपुढचं कुणी भेटलं की त्यांच्याकडून माशांची नावं लिहून घेतो. यादी फार मोठी नाही. पण साइक्स साहेबापेक्षा एक गोष्ट मी वेगळी करतो. नाव सांगणाऱ्याचं नाव आधी लिहितो, मग माशाचं.

वहीच्या पहिल्या पानावर 'खडची' आहे. तिच्यासमोर लिहायला मात्र मला भोई आळीतल्या त्या म्हाताऱ्या बाबांचं नाव आठवत नाही. सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. मी अब्बांना विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.